गुतमधलं संगीत सुटं काढून जपता येत नाही

देवांना आणि मृतांना बोलावण्याच्या कोरियातल्या ‘गुत’ या विधीबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य लवकरच भेटतं: ढोल चढत जातो, मुदांग, म्हणजे विधी चालवणारी बाई, बेभान होते आणि देव तिच्या अंगात येतो. म्हणजे संगीताचं काम काय, तर अंगात आणणं. ऐकायला पटतं, पण निम्म्या कोरियाला ते लागूच होत नाही. नैर्ऋत्येकडच्या जोल्ला प्रांतातल्या ‘तांगोल’ घराण्यांत आणि पूर्व किनाऱ्यावर कोळ्यांच्या गावोगाव गुत करणाऱ्या घराण्यांत अंगात येणं हा पायाच नाही. तिथे विद्या घरातून मिळते. जोल्लात ती सासूकडून सुनेकडे जाई आणि नवरा, दीर, मुलगे वाद्यं घेऊन बसत. आणि गुतचं सगळ्यांत गुंतागुंतीचं, सगळ्यांत कसलेलं संगीत नेमकं याच दोन भागांतलं आहे. ते अंगात आणण्यापुरतंच असतं, तर जिथे अंगात येत नाही तिथे ते एवढं वाढलं कशाला?

हा वाद फक्त अभ्यासकांपुरता नाही. दक्षिण कोरियाने १९६२ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला आणि पुढे एकेका गुतला राष्ट्रीय मान्यता दिली. मान्यतेबरोबर मानधन आलं, शिष्य आले, सभागृहं आली. या साऱ्यामागे एक गृहीतक आहे: विधी श्रद्धेचा भाग आहे आणि संगीत कलेचा, श्रद्धा ओसरली तरी कला उचलून सुरक्षित जागी ठेवता येईल. हे गृहीतक चुकीचं आहे आणि त्यातून नुकसान संगीताचंच होतंय, असं माझं मत आहे. ते मांडायचं तर आधी गुतमध्ये वादक नेमकं काय करतात ते बघावं लागेल.

राजधानी सोलकडचा गुत म्हणजे ‘कोरी’ नावाच्या डझनभर खंडांची माळ. प्रत्येक खंडाचा देव वेगळा आणि पोशाख वेगळा, घाट मात्र एकच: देवाला बोलवायचं, रमवायचं, निरोप द्यायचा. कमरेत बारीक असलेला जांगू हा ढोल या सगळ्याचा चालक. त्याचं डावं तोंड जाड कातड्याचं, तिथून ‘कुंग’ असा घुमारा निघतो. उजवं पातळ, त्यावर बांबूच्या काडीने ‘दोक’. दोन्ही एकदम वाजली की ‘दोंग’. खंड बहुधा गुतकोरी या ठेक्यात उलगडतो: चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, म्हणजे बाराचा झोल, लय मध्यम. मुदांग या लयीत हात पसरून सावकाश फिरते. मग जांगू ‘तांगाक’ या द्रुत ठेक्यात शिरतो, झांजा त्याला मिळतात आणि ती जागच्या जागी उंच उड्या घेऊ लागते. मध्येच हात वर होतो. वाद्यं थांबतात. त्या शांततेत देव किंवा मेलेला नातलग तिच्या तोंडून बोलतो. या बोलण्याला ‘गोंगसू’ म्हणतात आणि घरच्यांनी गुत घातलेला असतो तो याचसाठी.

वादकाची परीक्षा या वळणावर असते. तांगाक लवकर लावला तर भरजरी पोशाखातली मुदांग दमते आणि बोलायला श्वास उरत नाही. उशिरा थांबला तर गोंगसूचं पहिलं वाक्य वाद्यांत बुडतं; ‘तू आलास का रे’ यासारखं ते वाक्य बहुतेक वेळा सगळ्यांत मोलाचं असतं. घरची बाई अजून रडते आहे, तिला काही विचारायचं आहे, आणि याने पुढचं आवर्तन सुरू केलं, तर तिचा प्रश्न राहूनच जातो. देव आलाच नाही असं वाटलं तर तांगाक ताणून काही होत नाही. पुन्हा गुतकोरीवर उतरून नव्याने चढावं लागतं. म्हणून जांगूवादकाचे कान मुदांगकडे आणि डोळे घरच्यांकडे असतात. सोलमध्ये जांगूवर अनेकदा दुसरी मुदांगच बसते, ती याचमुळे. ह्वांगहे प्रांत आज उत्तर कोरियात आहे. फाळणीनंतर तिथल्या कितीतरी मुदांग इंचनच्या आसपास येऊन राहिल्या. त्यांच्या गुतमध्ये तर मुख्य जांगूवाली हे मोठ्या मानाचं पद आहे. मुदांग एक ओळ म्हणते, जांगूवाली ती झेलून परत म्हणते, देवाशी थट्टा करते, मोलभाव करते. तिला साथीदार म्हणणं म्हणजे तिचं निम्मं काम न बघणं.

घरच्यांच्या ऐपतीचाही संगीतावर थेट परिणाम होतो. सोलकडे भाड्याने बोलावलेल्या सुरावटीच्या वादकांची संख्या ठरीव भाषेत सांगतात. एकच वादक असेल तर तो पिरी, म्हणजे जाड दुहेरी जिभेची (पत्तीची) बांबूची आखूड सनई वाजवणारा. दोन असतील तर पिरी आणि दोन तारांचं हेगुम. तिघे असतील तर त्यात तेगुम ही आडवी बासरी. पिरी सगळ्यांत आधी का, तर झांजा आणि जांगूच्या गलक्यातून तिचाच आवाज वर येतो. पण तिला मर्यादा आहे. जीभ आधी ओली करून घ्यावी लागते, काही तासांनी ओठ उतरतात, जीभ मिटू लागते आणि स्वर खाली घसरतो. एकट्या पिरीवर दिवसभराचा गुत काढणाऱ्या वादकाचे शेवटचे खंड ऐकले की खर्च कुठे वाचवला ते कळतं. आणि जेव्हा राजकन्या बारीची कथा सांगायची असते, टाकून दिलेली मुलगी मरणाऱ्या आईबापांसाठी परलोकातून औषधी पाणी आणते ती, तेव्हा ही सगळी सुरावट बाजूला होते. मुदांग जांगू उभा करून एका हाताने त्याचं एकच तोंड वाजवते, दुसऱ्या हातात घुंगरांचा झुबका, आणि तासाहून अधिक वेळ ती एकटी गात राहते. शब्द ऐकू आले पाहिजेत, कारण मेलेल्याला रस्ता त्या शब्दांनी मिळतो.

आता दक्षिणेकडे, जिंदो बेटावर. इथला ‘शितकिमगुत’ म्हणजे मृताला धुऊन काढण्याचा विधी. जुन्या रीतीने तो संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. मृताचे कपडे चटईत गुंडाळून, बांधून ती गुंडाळी उभी करतात. वर वाडगा, वाडग्यात आत्म्याची कागदी आकृती, त्यावर लोखंडी भांड्याचं झाकण. हे झालं मृताचं शरीर. त्याला दवण्याच्या जातीच्या एका झुडपाचं पाणी, धूप घातलेलं पाणी आणि शेवटी साधं स्वच्छ पाणी, असं क्रमाने लहान झाडूने पुसून घेतात. ‘गोपुरी’ या भागात खांबाला बांधलेल्या लांब पांढऱ्या कापडाच्या गाठी एकेक करून झटक्याने सोडवतात. प्रत्येक गाठ म्हणजे मनात राहून गेलेलं काहीतरी. शेवटी पांढरं कापड ताणून रस्ता करतात, त्याची टोकं घरचे धरतात आणि आत्म्याची छोटी पालखी त्यावरून सरकवत नेतात.

यातल्या कशालाच ठरलेला वेळ नाही. गाठ अडू शकते. कापडाचं टोक धरलेला मुलगा कोलमडू शकतो. लोक वाटखर्चाचे पैसे ठेवायला एकामागून एक पुढे येत राहतात. संगीताला हे सगळं सामावून घ्यावं लागतं. जिंदोचे वादक यासाठी वापरतात ते ‘शिनावी’. सगळी वाद्यं एकाच सुरावटीभोवती फिरतात, पण कुणीही दुसऱ्याची नक्कल करत नाही. गाणारीच्या आवाजामागोमाग प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या स्वभावानुसार वाट काढतो. स्वररचना वरवर काटकसरीची आहे. मधल्या स्वराला सा मानलं तर सा सरळ, न हलवता धरायचा. मंद्र पंचम रुंद कंपाने हलवायचा. आणि वरचा कोमल गंधार लागताक्षणी शुद्ध रिषभावर तुटून पडू द्यायचा. तीन जागा आणि तिन्ही जागांचं वागणं पक्कं. त्यामुळे कोणीही कुठल्याही क्षणी आत शिरू शकतो, बाहेर पडू शकतो. पिरीवाल्याने जीभ बदलली, तेगुमवाला चूळ भरायला उठला, तरी विणकाम उसवत नाही. शिनावी रात्रभराच्या कामासाठी घडलेलं संगीत आहे आणि तिचं कौतुक होतं तो मोकळेपणा या कामातूनच आला, असं मला वाटतं.

तीच शिनावी मंचावर दहा-पंधरा मिनिटांची होते. गाणारी नसते, म्हणून कुणाच्या मागे जायचं नसतं. दमायला वेळ नसतो, म्हणून कुणी थांबत नाही. मग प्रत्येकाला आळीपाळीने एकल वादनाची संधी, मध्यम लय, द्रुत लय, टाळ्या. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून केलेल्या स्वरलिपी संगीताच्या विद्यार्थ्यांच्या हातात पडतात आणि ऐनवेळी सुचलेली एक जागा पिढीभराचा पाठ होऊन बसते. वाजवणारे तयारीचे असतात, अनेकदा जुन्यांपेक्षा स्वच्छ वाजवतात. पण काय करू नये, कुठे मागे सरावं हे त्यांना कुणी शिकवू शकत नाही, कारण त्या खोलीत रडणारं कुणी नसतं.

पूर्व किनाऱ्यावर चित्र आणखी वेगळं. ‘ब्योलशिनगुत’ हा गावाचा गुत. कुठे दर वर्षी, कुठे दोन-तीन वर्षांनी, कुठे दहा वर्षांनी, आणि तो काही दिवस चालतो. सुरावटीचं वाद्य जवळजवळ नाहीच. जांगू, मोठी थाळीसारखी घंटा जिंग, लहान घंटा क्वेंग्वारी, झांजा, एवढ्यावर सगळं उभं. घराण्यातली बाई गाते आणि पुरुष तिच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत घणाघाती उत्तर देतात. ‘चोंगबो’ हा ठेका पाच टप्प्यांत उतरतो, पहिला टप्पा लांब आणि वाकडातिकडा, दोन-तीनच्या विषम गटांचा, शेवटचा वेगवान. हे घराण्याबाहेरच्याला सहज पकडता येत नाही. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा: कातडं सैल पडतं, ‘दोक’ बसका होतो, आणि वादकाला ओळीओळींच्या मध्ये दोरीवरच्या कातडी आवळण्या सरकवून तो पुन्हा चढवावा लागतो. जेजू बेटावर तर वाद्यांचा ताफा आणखी रोखठोक: बुक हा ढोल, तेयांग ही घंटा आणि चाळणीवर पालथा घालून दोन काड्यांनी वाजवायचा सोलस्वे नावाचा पितळी वाडगा. वाऱ्याची देवी चांद्र दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी येते, पंधराव्या दिवशी जाते. तिच्या स्वागत-निरोपाच्या, चिलमोरीदांग या देवस्थानातल्या विधीला १९८० मध्ये राष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २००९ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला.

याच जेजूवर ३ एप्रिल १९४८ च्या उठावानंतर जे हत्याकांड झालं, त्यात सरकारच्या २००३ च्या अहवालानुसार पंचवीस ते तीस हजार माणसं गेली असावीत. कित्येक दशकं त्याबद्दल उघड बोलणं म्हणजे तुरुंगाला निमंत्रण होतं. त्या काळात मारले गेलेले लोक बोलले ते शिंबांगच्या, म्हणजे तिथल्या मुदांगच्या तोंडून, घरच्या गुतमध्ये, रडत, नावं घेत. सोलस्वेचा आवाज ‘लोककला’ म्हणून सभागृहात नेताना हे वगळलं जातं, तेव्हा फक्त धर्म वगळला जात नाही.

सरकारी जतनाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९५८ पासून राष्ट्रीय लोककला स्पर्धा भरू लागल्या. गावाचे विधी मैदानावर, परीक्षकांसमोर, ठरलेल्या मिनिटांत बसवायची सवय तिथे लागली. १९६७ मध्ये गांगनंगच्या दानो उत्सवाला मान्यता मिळाली, पण उत्सव म्हणून. गुत त्याच्या पोटात होता. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष पाक चुंग-ही यांच्या राजवटीने ‘नवं गाव’ चळवळ सुरू केली आणि अंधश्रद्धा मोडण्याच्या नावाखाली गावोगावची देवस्थानं पाडली, मुदांगना त्रास दिला. म्हणजे एक खातं वारशाची यादी करत होतं आणि दुसरं तोच वारसा उखडत होतं. शितकिमगुतला मान्यता १९८० मध्ये, पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या गुतना १९८५ मध्ये, ग्यंगी प्रांताच्या दोदांगगुत या गावाच्या गुतला १९९० मध्ये. दोदांगगुतचे ठेके वाजवण्यात ‘ह्वारेंगी’ म्हटल्या जाणाऱ्या पुरुषांची हुकमत होती. त्यांच्यातले शेवटचे मोठे वंशपरंपरागत ह्वारेंगी मानले जातात ते ई योंग-ऊ १९८७ मध्येच गेले होते. कागद तीन वर्षं उशिरा पोचला. पुढे ज्या मुदांगला परंपरेची अधिकृत धारक म्हणून मान्यता मिळाली त्या ओ सू-बोक अंगात येणाऱ्या परंपरेतल्या होत्या. दुसऱ्याच घराण्यांचे ते अवघड ठेके त्यांनी शिकून घेतले. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, पण व्यवस्थेला नाही.

आता विरोधी बाजू, जी कमकुवत नाही. गुतच्या बाहेर पडूनच या संगीताने मोठं काम केलं, हे खरं आहे. जोल्लाच्या याच मातीत योंगामचे किम चांग-जो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गायागुम या तंतुवाद्यावर ‘सांजो’ घडवला आणि एकल वादनाची आख्खी परंपरा उभी राहिली. फ्यंगतेकच्या मुदांग घराण्यातले जी योंग-ही १९६५ मध्ये सोल शहराच्या पारंपरिक वाद्यवृंदाचे पहिले निर्देशक (कंडक्टर) झाले. १९७८ मध्ये सोलच्या एका छोट्या नाट्यगृहात चार तालवाद्यांचं ‘सामुलनोरी’ जन्मलं आणि जगभर गेलं. जोसन या जुन्या राजघराण्याच्या काळात मुदांग आणि वादक समाजाच्या तळाशी होते. त्यांच्या मुलांना सभागृहाने जी इज्जत दिली ती विधीने कधी दिली नव्हती. त्या मुलांनी गुत सोडला म्हणून त्यांना बोल लावायचा हक्क कुणालाच नाही.

पण या फांद्या आहेत आणि फांद्यांना सरकारी ओलाव्याची फारशी गरज उरलेली नाही. सांजो विद्यापीठांत शिकवला जातो, सामुलनोरी शाळाशाळांत वाजतो. जे सुकतंय ते मूळ विधीतलं वादन, आणि नेमका तिथेच पैसा सादरीकरणाच्या वाटेने येतो. दुसरा आक्षेप असा की निधर्मी राज्याने देवदेवस्कीला पैसा का द्यावा? रास्त प्रश्न आहे, पण उशिरा विचारलेला: राज्य पैसा देतंच आहे, फक्त विधीची धाटणी ठेवून आतला माणूस काढून टाकायच्या अटीवर. मुदांग भोळ्या लोकांना लुबाडतात, हा तिसरा आक्षेप. काही लुबाडतात. त्याचा बंदोबस्त फसवणुकीच्या कायद्याने करावा. त्यासाठी जिंदोच्या जांगूवादकाचं मानधन अडवायचं कारण नाही.

शहरांतली अडचण जास्त साधी आणि जास्त घातक आहे. सोलमध्ये शेजारी ऐकून घेत नाहीत, त्यामुळे घरचा गुत जवळपास संपला. तो डोंगरपायथ्याच्या भाड्याच्या ‘गुतदांग’मध्ये गेला. सोलमधल्या इनवांगसान डोंगरावरचं गुकसादांग हे देवस्थान स्वतःच विस्थापित आहे. जपान्यांनी नामसान डोंगरावर आपलं शिंतो मंदिर बांधलं तेव्हा, १९२५ मध्ये, ते इथे हलवावं लागलं. भाड्याची खोली म्हणजे वेळेची अट, शेजारच्या खोलीत दुसऱ्याचा गुत, आणि रात्रीऐवजी दिवसाउजेडी उरकणं. अशा ठिकाणी पहिली कात्री सुरावटीच्या वादकांवर लागते आणि दुसरी गुतकोरीच्या सावकाश भागावर. म्हणजे ज्या चढणीमुळे तांगाकला अर्थ येतो तीच जाते.

म्हणून पैसा कुठे जावा याबद्दल माझं मत ठाम आहे. सादरीकरणांची संख्या मोजून अनुदान देण्यापेक्षा, वर्षातून थोडेच पण पूर्ण लांबीचे गुत, खऱ्या घरासाठी किंवा खऱ्या गावासाठी, वादकांच्या पूर्ण ताफ्यासह होतील यासाठी द्यावं. घर गरीब असेल तर तिन्ही वादकांची बिदागी वारसा खात्याने भरावी. मृताबद्दल काय बोलायचं हा प्रश्न घरच्यांचा. शहरांबाहेर रात्रभर वाजवता येईल अशी दोन-चार सार्वजनिक जागा द्याव्यात. मान्यता एका व्यक्तीला देताना मुदांग आणि तिचा जांगूवाला किंवा जांगूवाली यांना जोडीने द्यावी, कारण एक गेलं की दुसऱ्याची निम्मी विद्या मुकी होते. शिष्याला पहिली काही वर्षं जिंग धरायला बसवावं. आवर्तनाच्या तोंडावर एक ठोका, बाकी वेळ बघत राहणं. स्वरलिपी नंतर.

आणि ध्वनिचित्रमुद्रण. संग्रहांतल्या फिती बहुतेक गाण्यांच्या आहेत. बोलणं, थट्टा, रडणं, कपडे बदलण्याचा वेळ, हे ‘रिकामं’ म्हणून कापलेलं, आणि कॅमेरा सतत मुदांगवर. न कापलेली पूर्ण रात्र ठेवायला आता जागेची अडचण उरलेली नाही. दोन कॅमेरे लावावेत आणि त्यातला एक पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत जांगूवाल्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर असावा, म्हणजे तो कधी, कुणाकडे बघून थांबला ते पुढच्या शिकणाऱ्याला दिसेल.